सोनोग्राफीत स्नायू तुटलेला, मॅनोमेट्रीत दाब ठीक: गुदद्वाराच्या तपासण्यांचा अर्थ लावायचा कसा?

निळीशाई
नमस्कार मंडळी. विषय चारचौघांत काढता येत नाही असा आहे, म्हणून इथे लिहितेय. कृपया गांभीर्याने घ्या.

माझं बाळंतपण चिमटा लावून झालं होतं, टाकेही बरेच पडले होते. त्यानंतर कित्येक वर्षं काही त्रास नव्हता. आता पाळी जाण्याच्या सुमारास मात्र वायू आवरेनासा झालाय. शौच पातळ असेल तर कळ आल्याबरोबर धावावं लागतं आणि कधीकधी तेवढाही वेळ मिळत नाही. घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचं, अशी सवयच लागली आहे.

दोन तपासण्या झाल्या. आतून केलेल्या सोनोग्राफीत लिहिलंय की बाहेरच्या वर्तुळाकार स्नायूत पुढच्या बाजूला, घड्याळाच्या ११ ते १ या भागात, फट आहे. मॅनोमेट्रीत, म्हणजे नळी घालून स्नायूचा दाब मोजतात त्या तपासणीत, मात्र विश्रांतीचा दाब नॉर्मल आणि आवळण्याचा दाब खालच्या मर्यादेजवळ, पण नॉर्मलमध्येच. एक डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करून स्नायू शिवून घ्या. दुसरे म्हणतात आधी व्यायाम.

माझा प्रश्न साधा आहे. स्नायू तुटलाय तर दाब ठीक कसा? आणि कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा?

गवतफुला
ताई, धीर करून लिहिलंस त्याबद्दल आधी धन्यवाद. माझ्या आईला हाच त्रास होता आणि तिने तो आम्हा मुलींनाही कधी सांगितला नाही. वाचतेय.

आडवाट
गुदाशय आणि गुदमार्गाच्या शस्त्रक्रिया हा माझा रोजचा विषय आहे. रुग्ण समोर नसताना सल्ला देता येत नाही, पण रिपोर्टचा अर्थ कसा लावतात ते सांगू शकतो.

दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, कारण त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. सोनोग्राफी रचना दाखवते: वर्तुळ अखंड आहे की नाही, जाडी किती, फट कुठे. मॅनोमेट्री काम मोजते: स्नायू दाब किती देतो, किती वेळ टिकवतो.

गुदमार्ग तीन-चार सेंटिमीटरचा. त्याला आतून वेढणारा स्नायू म्हणजे आतला स्फिंक्टर. हा अनैच्छिक असतो, झोपेतही आवळलेला राहतो आणि विश्रांतीच्या दाबाचा मोठा वाटा त्याचाच असतो. त्याच्या बाहेर दुसरं वर्तुळ, बाहेरचा स्फिंक्टर. हा आपल्या मर्जीतला. कळ आली आणि जागा सोयीची नसेल तर आपण जो आवळतो तो हा. त्याची नस म्हणजे प्युडेंडल, ती त्रिकास्थीच्या, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरच्या हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंपासून निघते. आणि या दोघांच्या वर प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायू गुदाशयाला मागून कवेत घेऊन पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे कोन तयार होतो. विसर्जनाच्या वेळी हा कोन उघडावा लागतो.

तुमचा विश्रांतीचा दाब नॉर्मल आहे, म्हणजे आतला स्नायू बहुधा शाबूत आहे. बाहेरच्यात फट असूनही उरलेला भाग आणि प्युबोरेक्टॅलिस मिळून इतकी वर्षं काम भागवत आले. वयानुसार स्नायूंची ताकद थोडी उतरली आणि जुनी जखम आत्ता जाणवायला लागली, असं अनेक स्त्रियांच्या बाबतीत दिसतं.

रिपोर्टमध्ये फुग्याच्या तपासणीबद्दल, म्हणजे गुदाशयात फुगा फुगवून जाणीव बघतात त्याबद्दल, काय लिहिलंय? आणि ३० सेकंद आवळून धरायला सांगितलं होतं का? ते आकडे मिळाले तर बरं.

निळीशाई
आडवाट सर, धन्यवाद. फुगा फुगवला होता हे आठवतंय. फाईल नणंदेकडे राहिली आहे, आणली की लिहिते.

कवडसा
हा धागा वाचणारे सगळे आत्ता बसल्या जागी आवळून बघतायत. हात वर करा.

टिपकागद
कवडसा, वर! :-)

पायरीपायरीने
कवडसा, तुमच्या गमतीतच माझा मुद्दा आहे. मी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपिस्ट आहे. “आवळा” म्हटलं की किती जणी कुल्ले घट्ट करतात, मांड्या जवळ घेतात, पोट आत ओढतात, श्वास कोंडतात. गुदद्वाराचा स्नायू मात्र जागचा हलत नाही. काही जणी तर आवळण्याऐवजी खाली जोर देतात. हे यंत्रालाही नीट कळेलच असं नाही. बोटाला कळतं.

मोज्यातलं बोट आत घातलं की पहिल्यांदा जाणवतो तो विश्रांतीचा ताण. मग दोन्ही स्नायूंच्या मधली बारीक खाच लागते. आवळायला सांगितलं की बाहेरचं कडं बोटाभोवती सगळीकडून सारखं मिटायला हवं. समोरच्या बाजूला फट असेल तर तिथे पकड येत नाही, फक्त मागून आणि बाजूंनी येते. प्युबोरेक्टॅलिस बोटाला पुढे, ओटीपोटाखालच्या जघनाच्या हाडाकडे ओढतो. मग “आता शौचाला बसल्यासारखा जोर करा” म्हटल्यावर तेच कडं सैल पडून खाली यायला हवं. कित्येकांचं उलट होतं, जोर करताना आणखी घट्ट होतं. हे सगळं कळायला दोन मिनिटं लागतात. निळीशाई, तुमची अशी तपासणी कुणी केली का? दोन मोठ्या तपासण्या झाल्या आणि ही राहून गेली, असं मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

निळीशाई
बोटाने तपासलं, पण अगदी काही क्षण. जोर करायला वगैरे सांगितलं नाही.

रेषाघन
मी सोनोग्राफी करते, त्यामुळे चित्राच्या बाजूने बोलते.

तपासणीत बोटाएवढ्या जाडीची, ३६० अंशांत बघणारी काडी आत जाते. पडद्यावर गोल चित्र येतं. आतला स्फिंक्टर काळ्या कड्यासारखा दिसतो, बाहेरचा पांढरट, रेषारेषांचा. आतल्याची जाडी प्रौढ माणसात साधारण दोन ते तीन मिलिमीटर असते आणि वयानुसार थोडी वाढते. उतारवयात तो वाढण्याऐवजी पातळ दिसला तर शंका घ्यायची, कारण काही जणांत तो आपोआप झिजतो.

चित्र एकाच पातळीवर घेऊन चालत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्या बघाव्या लागतात. वर प्युबोरेक्टॅलिस मागून इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो, मध्ये दोन्ही कडी पूर्ण असतात, खाली फक्त बाहेरचा उरतो. आता महत्त्वाचं: स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूला बाहेरचा स्फिंक्टर मुळातच आखूड असतो. त्यामुळे वरच्या पातळीवर पुढे जी नैसर्गिक मोकळी जागा दिसते तिला नवख्या डोळ्यांनी “फट” म्हटलं जाऊ शकतं. म्हणून रिपोर्टमध्ये फट कुठल्या पातळीवर, किती लांब आणि किती अंशांची हे लिहिलेलं असायला हवं. फक्त “११ ते १” एवढ्यावरून पूर्ण अंदाज येत नाही.

सुईदोरा
प्रसूतिगृहात आयुष्य गेलं, म्हणून या विषयाबद्दल मनापासून लिहावंसं वाटतं.

१९९३ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलशी जोडलेल्या सुलतान आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. पहिलटकरणींची प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आतून सोनोग्राफी केली. योनीमार्गे प्रसूती झालेल्या ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींत, म्हणजे ३५ टक्क्यांत, स्फिंक्टरमध्ये फट दिसली. त्या सगळ्यांना त्रास होता असं मात्र नाही. चिमटा लावलेल्या दहापैकी आठ जणींत फट होती. या अभ्यासाने आमचं क्षेत्र हादरलं होतं.

नंतर लक्षात येत गेलं की यातल्या बऱ्याच जखमा “लपलेल्या” नव्हत्याच. टाके घालण्याआधी नीट तपासणी न झाल्यामुळे त्या दिसल्या नव्हत्या. म्हणून आता शिकवताना पहिला नियम हाच सांगते: योनीमार्गे प्रसूतीत फाटलं असेल तर शिवण्याआधी गुदद्वारात बोट घालून तपासायचं. बाहेरचा स्फिंक्टर अर्ध्यापेक्षा कमी फाटला तर ३अ, अर्ध्यापेक्षा जास्त फाटला तर ३ब, आतलाही फाटला तर ३क आणि आतलं अस्तरही गेलं तर चौथा दर्जा. वर्गवारी नीट लिहिली नाही तर त्या बाईला पुढे वीस वर्षांनी कुणीच काही सांगू शकत नाही.

निळीशाई, तुमच्या जुन्या कागदांत फाटण्याचा दर्जा लिहिलाय का बघा.

निळीशाई
सुईदोरा ताई, जुना कागद आहे. त्यावर फक्त “टाके घातले” एवढंच.

सुईदोरा
वाटलंच होतं. राग येतो खरं तर.

भरतीओहोटी
मी पुरुष आहे आणि माझी गोष्ट बरोबर उलट आहे. मला फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर, होतं, शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखं दुखायचं. तपासणीत विश्रांतीचा दाब खूप जास्त निघाला, म्हणजे आतला स्नायू सतत आकडलेला. मलमाने भागलं नाही, तेव्हा आतल्या स्नायूचा थोडा भाग कापून मोकळा केला. दुखणं गेलं. म्हणजे सैलपणासाठी जी तपासणी तीच घट्टपणासाठीही, हे मला तेव्हा कळलं. धाग्याशी थोडं अवांतर आहे, पण लिहिलं.

आडवाट
भरतीओहोटी, अजिबात अवांतर नाही. पण वाचणाऱ्या बायकांसाठी एक जोड देतो. बाळंतपणानंतर होणाऱ्या फिशरमध्ये दाब बऱ्याचदा वाढलेला नसतो. आधीच बाहेरचा स्नायू दुखावलेला असेल आणि त्यावर आतलाही कापला, तर पुढे आवरणं कठीण होतं. अशा वेळी कापण्याआधी सोनोग्राफी आणि मॅनोमेट्री करून घ्यायला हवी, याबाबत मी कडक आहे.

भगंदरातही तेच. भगंदराची नळीसारखी वाट स्नायूच्या किती भागातून जाते यावर कापायचं की नाही हे ठरतं. १९७६ मध्ये पार्क्स यांनी केलेली वर्गवारी आम्ही आजही त्याचसाठी वापरतो, आणि त्या वाटेचा नकाशा काढायला एमआरआय उत्तम.

चुंबक
मग एमआरआयच करावा ना सगळ्यांचा? एकदाच काय ते कळेल.

रेषाघन
चुंबक, नाही. आतला स्फिंक्टर सोनोग्राफीत जास्त स्वच्छ दिसतो. एमआरआयचा फायदा बाहेरच्या स्फिंक्टरची झीज बघायला, म्हणजे स्नायू बारीक होऊन त्याची जागा चरबीने घेतली आहे का ते बघायला होतो. शिवण्याचा विचार असेल तर ते महत्त्वाचं, कारण झिजलेला स्नायू शिवून फारसं हाती लागत नाही. आत काडी घालणं ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी बाहेरून, योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेवर यंत्र ठेवूनही सोनोग्राफी करता येते. त्यात स्नायू ताणला न जाता जसा आहे तसा दिसतो, आणि आवळताना-सोडताना हलतानाही बघता येतो.

शांतारस
मला एक कळत नाही. बाहेरच्या स्नायूत फट नसेल, कडं पूर्ण असेल, तरी त्रास का होतो? माझ्या सासऱ्यांची सोनोग्राफी अगदी स्वच्छ आली, पण डाग पडतातच.

आडवाट
शांतारस, अनेक कारणं असतात. मोटर शाबूत आणि वायर तुटलेली असंही होतं, म्हणजे स्नायू पूर्ण पण नस दुबळी. पूर्वी प्युडेंडल नसेचा वेग मोजायची चाचणी सर्रास करत. मोज्याच्या बोटाला इलेक्ट्रोड लावून नसेला विद्युत संदेश द्यायचा आणि स्नायू किती वेळाने आकुंचन पावतो ते बघायचं. नॉर्मल सुमारे दोन मिलिसेकंद. अडचण अशी की ही चाचणी सर्वांत वेगवान तंतू मोजते. बाकीचे मेलेले असले आणि थोडे वेगवान उरलेले असले तरी आकडा चांगला येतो. शिवाय करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती मागे पडली आहे. त्याहून जुनी पद्धत म्हणजे स्नायूत चहूबाजूंनी सुया टोचून फट कुठे आहे ते शोधायचं. १९८० च्या दशकाच्या शेवटी आतून सोनोग्राफी आली आणि रुग्णांची त्या सुयांतून सुटका झाली.

सासऱ्यांना कळ येते आणि आवरत नाही, की न कळत डाग पडतो?

शांतारस
न कळत. आणि त्यांना कोठा साफ होत नाही अशी तक्रारही आहे.

पायरीपायरीने
शांतारस, मग आधी बोटाने तपासून घ्या हो. वयस्कर माणसांत खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपतं. घरच्यांना वाटतं जुलाब होतायत, म्हणून शौच थांबवायची गोळी देतात आणि अडकणं आणखी वाढतं. तिथे स्नायूचा दोषच नसतो.

न कळत डाग पडणं बहुधा आतल्या स्नायूकडे बोट दाखवतं, आणि कळ येऊन आवरता न येणं बाहेरच्याकडे. काटेकोर नियम नाही, पण पहिला अंदाज बांधायला फार उपयोगी.

अबोली
मॅनोमेट्री करताना दुखतं का? माझी ठरली आहे आणि झोप उडाली आहे.

निळीशाई
अबोली, मी सांगते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. नळी बोटापेक्षा बारीक असते, जेल लावून आत घालतात. आत जाताना विचित्र वाटतं, दुखत नाही. मग थोडा वेळ काहीच करत नाहीत, स्नायू स्थिर होऊ देतात. मला आधी वाटलं मशीन बंद पडलं. पडद्यावर रंगांचा पट्टा सरकत होता, दाब कमी तिथे निळा, जास्त तिथे लाल. तपासणाऱ्या बाई म्हणायच्या, “आवळा... धरून ठेवा... सोडा.” मी आवळलं की मधला पट्टा लालभडक व्हायचा. मग खोकायला सांगितलं, मग जोर करायला. शेवटी फुग्यात हवा भरत जातात आणि विचारतात, आता जाणवतंय का, आता जावंसं वाटतंय का, आता असह्य होतंय का. लाज पहिल्या दोन मिनिटांपुरती. त्या बाई इतक्या सहज बोलत होत्या की मीच सैलावले.

अबोली
निळीशाई ताई, खूप खूप आभार. आता जाईन.

आडवाट
निळीशाई यांनी फार छान सांगितलं. त्या “मशीन बंद पडलं” वाटलेल्या वेळेचं कारण सांगतो. आता जगभरच्या तज्ज्ञांनी एकच क्रम ठरवला आहे, त्याला लंडन वर्गीकरण म्हणतात. तीन मिनिटं स्थिर होणं, मग एक मिनिट विश्रांतीचा दाब, मग पाच-पाच सेकंदांचं आवळणं तीनदा, मग तीस सेकंद धरून ठेवणं, दोनदा खोकला, तीनदा जोर, मग फुगा. पूर्वी जो तो आपापल्या पद्धतीने करायचा आणि दोन ठिकाणचे रिपोर्ट जुळवता यायचे नाहीत. आजही यंत्रानुसार नॉर्मल आकडे वेगळे असतात. तेव्हा रिपोर्ट हातात आला की त्याच प्रयोगशाळेची, त्याच यंत्राची, स्त्री-पुरुषानुसार मर्यादा शेजारी छापली आहे का ते बघा.

करकोचा
मी थोडा वेगळा सूर लावतो. हे सगळं ऐकायला भारी आहे, पण या तपासण्यांचं आणि त्रासाचं नातं ढिसाळ आहे. फट असून ठणठणीत माणसं आहेत, दाब उत्तम असून हैराण माणसंही आहेत. जोर करताना स्नायू घट्ट होतो म्हणून “समन्वय बिघडलाय” असं लिहून मोकळे होतात. अहो, अनोळखी खोलीत, कुशीवर झोपून, पाठीमागे कुणीतरी उभं असताना कुणाचा स्नायू सैल पडेल? निरोगी माणसांतही तेच चित्र दिसतं. मग एवढ्या तपासण्या कशाला?

पायरीपायरीने
करकोचा, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणूनच एकट्या त्या पट्ट्यावरून निदान करायचं नसतं. सोबत फुगा बाहेर टाकायची चाचणी करतात: ५० मिली पाणी भरलेला फुगा, खोलीत एकटं, कमोडवर बसून, साधारण एक-दोन मिनिटांत बाहेर टाकता आला पाहिजे. दोन्हींत बिघाड आला तरच त्याला अर्थ.

पहिल्या मुद्द्याशी मात्र असहमत. नातं ढिसाळ दिसतं, कारण आवरून धरणं हे एकट्या स्नायूचं काम नाही. शौच किती पातळ, गुदाशय किती ताणू शकतो, जाणीव किती लवकर होते, माणूस किती चपळ चालतो, हे सगळं त्यात येतं. तपासणी यातला एकेक धागा सुटा करून दाखवते. तो कपड्यात परत विणणं तपासणाऱ्याचं काम.

सुईदोरा
आणि करकोचा, पुढची प्रसूती कशी करायची हे ठरवताना या तपासण्या आम्हाला खरोखर उपयोगी पडतात. आधी तिसऱ्या-चौथ्या दर्जाचं फाटलेलं असेल आणि त्रास चालू असेल, किंवा सोनोग्राफी-मॅनोमेट्रीत दोष असेल, तर तिला सिझेरियनचा पर्याय समजावून सांगायचा असतो. नुसतं “बघू” म्हणून चालत नाही.

करकोचा
सुईदोरा, हे पटलं. जिथे उत्तराने निर्णय बदलतो तिथे तपासणी करावी, एवढंच माझं म्हणणं.

आडवाट
करकोचा, हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो त्याच शब्दांत तुम्ही लिहिलंत.

टिपकागद
लहान मुलांमध्येही हे करतात का? माझ्या भाच्याला जन्मापासून बद्धकोष्ठता आहे.

आडवाट
टिपकागद, करतात, पण तिथे प्रश्न वेगळा असतो. गुदाशयात फुगा फुगवला की आतला स्फिंक्टर क्षणभर आपोआप सैल पडायला हवा. गॉवर्स यांनी १८७७ मध्ये हे नोंदवलं होतं. याच सैलपणामुळे आत वायू आहे की मल हे शरीर ओळखतं. हर्शस्प्रंग आजारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशींचे पुंजकेच नसतात, त्यामुळे हा प्रतिसाद येत नाही. आला तर तो आजार जवळपास बाजूला पडतो. नाही आला तर तुकडा काढून तपासतात. जन्मल्यावर पहिली काळी शी उशिरा झाली होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि सगळ्यांसाठी एक गोष्ट, कारण इथे बरेच जण वाचतायत. कंबरदुखीबरोबर अचानक मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर या धाग्यातली कुठलीही तपासणी शोधत बसू नका. तडक इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा. मणक्याच्या तळाशी नसांचा गुच्छ दबला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

गवतफुला
वाचनखूण साठवली. हे शेवटचं तर छापून लावायला हवं.

निळीशाई
फाईल आली! आडवाट सर, तिसऱ्या पानावर जे लिहिलंय ते मी आधी वाचलंच नव्हतं, कारण दोन्ही डॉक्टर पहिल्या पानावरच बोलत होते. तीस सेकंद धरायला सांगितल्यावर दाब सुरुवातीला ठीक, पण जेमतेम काही सेकंदांत अर्ध्याच्या खाली गेलाय. आणि फुग्याच्या रकान्यात जास्तीत जास्त सहन झालेलं प्रमाण छापलेल्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी आहे. फुगा बाहेर टाकायची चाचणी नॉर्मल.

आणि पायरीपायरीने ताई, तुमचं वाचून एका फिजिओंकडे जाऊन नीट तपासून घेतलं. त्यांनी सांगितलं की पुढे पकड कमी आहे, बाजूंनी आणि मागून चांगली आहे, आणि मी आवळताना श्वास कोंडते.

आडवाट
आता चित्र पूर्ण झालं. तुमच्या स्नायूला झटका देता येतो, टिकवता येत नाही. दुसरीकडे गुदाशय थोडं भरलं की लगेच जोराची कळ देतं. कळ लवकर येते आणि धरून ठेवायची मुदत कमी, म्हणून धावपळ. नुसता सर्वोच्च दाब बघितला तर हे कळणार नाही.

यात शिवणं ही पहिली पायरी नाही, असं माझं मत. फट शिवली तरी गुदाशयाची घाई तशीच राहील. शिवाय अशा शस्त्रक्रियेचा सुरुवातीचा फायदा वर्षांगणिक ओसरत जातो, हे अनेक ठिकाणी दिसलंय. शौच घट्ट ठेवायचे उपाय, गरज पडल्यास लोपेरामाइड (शौच थांबवायची गोळी) डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि व्यायाम आधी. ते पुरलं नाही तर त्रिकास्थीच्या नसेला सौम्य विद्युत संदेश देणारं उपकरण हा पर्याय आहे, आणि स्फिंक्टरमध्ये फट असतानाही तो अनेकांना लागू पडतो. मात्र गुदाशय इतकं हळवं का झालं याचा शोध घ्यायला हवा. आतून सूज वगैरे नाही ना हे बघण्यासाठी दुर्बीण झाली नसेल तर ती विचारा.

रेषाघन
आणि सोनोग्राफी करणाऱ्यांकडून फटीची लांबी आणि अंश लिहून घ्या. पुढे कधी शस्त्रक्रियेचा विचार झालाच तर तुलनेला आधार राहील.

करकोचा
म्हणजे तपासण्या योग्य झाल्या होत्या, वाचणं अर्धवट राहिलं होतं. निळीशाई, तुम्ही तिसरं पान उघडलंत म्हणून आम्हालाही शिकायला मिळालं.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या भेटीत तिसरं पान उघडूनच डॉक्टरांसमोर ठेवणार आहे. पायरीपायरीने ताई, एकच विचारायचं राहिलं. कळ आली की मी धावते. धावू नको तर काय करू?

पायरीपायरीने
थांबा. शक्य असेल तर बसा, नाहीतर भिंतीला टेकून उभ्या राहा. श्वास चालू ठेवून गुदद्वार आवळा, पूर्ण ताकदीने नाही, अर्ध्या ताकदीने, म्हणजे जास्त वेळ टिकेल. दमलं की क्षणभर सोडून परत. कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरली की चालत जा. धावताना पोटावर दाब येतो, लक्ष स्नायूवरून उडतं आणि नेमकी ऐन लाटेवर तुम्ही दारात पोहोचता. सुरुवातीला घरीच, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ उभं राहून सराव करा. जमायला लागलं की दारापासून थोडं थोडं लांब सरका. श्वास कोंडायची सवय जाईपर्यंत आवळताना मोठ्याने आकडे मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

अबोली
माझीही मॅनोमेट्री झाली. तीस सेकंदांचा आकडा मी आधीच मागून घेतला.